सोमवारी उंच होणारं फिनॉल

ती. मामांच्या पायांना हात लावून, आणि मामींच्या पायांना जरा जास्त वेळ लावून (जेवायला त्या घालतात, तुम्ही नव्हे) भाच्याचा नमस्कार.

मी इथे खुशाल आहे, निदान या ओळीपर्यंत तरी आहे. तुमची खुशाली कळवा. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की हवा बदलायच्या आधी तो कुरकुरतो आणि रेडिओपेक्षा बिनचूक सांगतो. अशा गुणी गुडघ्याला तेल चोळून गप्प करायची मामींची घाई मला पटत नाही, पण नवरा-बायकोच्या गुडघ्यात तिसऱ्याने पडू नये. आई ठीक आहे. ती रोज विचारते, नोकरी पक्की कधी होणार, आणि मी रोज सांगतो, होईल. या एका शब्दावर आमचं घर बरेच दिवस चाललं आहे, आणि हे पत्रही त्याच शब्दाबद्दल आहे. जरा लांबेल. बसून वाचा.

मामा, तुम्ही अजून सगळ्यांना सांगता की माझा भाचा चॉकलेटच्या कारखान्यात आहे, आणि मग मी आलो की गल्लीतली पोरं माझे खिसे चाचपतात. तेव्हा एकदा नीट सांगून टाकतो. मी कोकोच्या दाण्यांच्या प्रयोगशाळेत आहे. कोकोचा कच्चा दाणा तोंडात टाकला तर चॉकलेटची आठवणसुद्धा होत नाही. कच्चं केळं खाल्ल्यासारखी जीभ आवळून येते आणि माणूस थोडा वेळ कोणाशी बोलण्याच्या लायकीचा राहत नाही. हा तुरटपणा ज्या मंडळींमुळे येतो त्यांना फिनॉल म्हणतात. ही मंडळी एकेका दाण्यात दाटीवाटीने राहतात, आणि कुठल्या दाण्यात कोण कोण राहतं हे हुडकून काढणं हे माझं काम. म्हणजे शिरगणतीच म्हणा. त्यासाठी दाणे सोलायचे, खलात कुटायचे, त्यातलं लोणी काढून टाकायचं (कोकोत निम्मं लोणीच असतं, हे मामींना सांगू नका, त्या वजन कमी करताहेत), उरलेली पूड अल्कोहोलमध्ये हलवायची, गाळायची आणि बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत भरून यंत्राला द्यायची. यंत्राचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. नाव भारदस्त असलं तरी आतून तो वजनकाटा आहे, फक्त तो रेणू तोलतो. आधी अख्ख्या रेणूचं वजन करतो, मग त्याला आपटून फोडतो आणि तुकड्यांचंही वजन करतो. तुकड्यांवरून मूळचा रेणू कोणता ते ओळखायचं, जसं स्वयंपाकघरातून आवाज आला की कुठली बशी फुटली ते तुम्ही हातातला पेपर खाली न ठेवता सांगता. प्रत्येक रेणूचा पडद्यावर एक सुळका उमटतो. ओळखीच्या सुळक्यांची यादी आमच्याकडे आहे. यादीबाहेरचा सुळका दिसला तर माणसाचं नशीब उघडलं असं आमच्या धंद्यात समजतात.

हे यंत्र ज्यांच्या ताब्यात असतं त्यांना आम्ही मशीनबाई म्हणतो. यंत्राला थंडी लागते, त्यामुळे यंत्राच्या खोलीत बाई बारा महिने स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेल्या असतात आणि त्यांचं नाक कायम चोंदलेलं असतं. आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर सर. सरांचा यंत्रावर विश्वास आहे, पण नाकावर जास्त आहे. आधी नाक, मग यंत्र, हा आमच्याकडचा नियम. दारावर पाटी लावली नाही एवढंच. नमुना कुटून झाला की सर हात मागे बांधतात, डोळे मिटतात (डोळे उघडे असले की नाकाचं लक्ष उडतं, असं त्यांचं म्हणणं) आणि खलात वाकतात. चांगले खोल वाकतात. मग सावकाश सांगतात, वाळलेली पानं, जुनं कपाट, आणि मागून थोडीशी काकडी. मग मी वाकायचं आणि मला काय वास येतो ते सांगायचं. मला कोकोचा वास येतो. सुरुवातीला मी तसं सांगतही असे, पण सरांचा चेहरा इतका पडायचा की आता मी कपाट मान्य करतो आणि काकडीऐवजी दोडका सुचवतो, म्हणजे चर्चा होते. मशीनबाईंना चोंदलेल्या नाकामुळे यातून माफी आहे. त्यांचं नाक खरोखरच इतकं चोंदतं का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

सरांच्या नाकाखाली मिशी आहे, हेही सांगायला हवं. सरांचं डोकं कापसासारखं पांढरं आहे आणि मिशी काळीकुळकुळीत. डोकं आणि मिशी एकाच माणसाची आहेत हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. शिवाय मिशी भरघोस आहे. खलातून वर येताना तिच्या दोन्ही टोकांना कोकोची पूड लागलेली असते, आणि ती सर रुमालाने पुसत नाहीत, बोटाने झटकून खलात परत टाकतात, कारण नमुना वाया जाता कामा नये.

तर झालं असं, की नव्या पोत्यातल्या दाण्यांमध्ये एक सुळका उमटला जो यादीत नव्हता. वजन कुठल्याच ओळखीच्या फिनॉलशी जुळेना. फोडून पाहिलं तर तुकडे फिनॉलचेच, पण अंगात नायट्रोजन, जो आमच्या यादीतल्या फिनॉलांत नसतो. मशीनबाईंनी यंत्र धुऊन पुसून परत चालवलं, सुळका हजर. दुसरं पोतं उघडलं, तिथेही हजर. मग बाईंनी कोरा नमुना चालवला. (कोरा नमुना म्हणजे कोको न घालता बाकी सगळं तसंच्या तसं करायचं, म्हणजे घाण दाण्यातली की भांड्यातली ते कळतं. तो बाई स्वतःच्या हातांनी करतात, मला शिवू देत नाहीत.) कोरा नमुना स्वच्छ निघाला. म्हणजे सुळका दाण्यातलाच. सरांनी पडद्यासमोर खुर्ची ओढली आणि लग्न ठरलेल्या मुलीकडे बाप बघतो तसे त्याच्याकडे बघत बसले. त्याच दिवशी त्यांनी त्याचं बारसं केलं आणि स्वतःच्या आडनावाला शेवटी 'इन' जोडलं. सरांचं आडनाव मुळात लांब. मशीनबाई म्हणाल्या, ते उच्चारून होईपर्यंत संयुगाचं विघटन होईल.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. हा सुळका सोमवारी उंच यायचा, मग दिवसागणिक खाली येत शनिवारी अगदी बुटका व्हायचा, आणि सोमवारी बघावं तर पुन्हा ताठ. मी हे चाचरत सरांना दाखवलं, तर ते खुर्चीतून उभेच राहिले. त्यांनी लगेच कारण शोधलं. रविवारी प्रयोगशाळा बंद असते, दाण्यांना विश्रांती मिळते, आणि हे संयुग शांततेत वाढतं. झालं, तेव्हापासून आमच्याकडे पोत्यांच्या आसपास कुजबुजत बोलायचं असा हुकूम निघाला. सरांनी स्वतः स्टुलावर चढून सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मी बूट काढून मोज्यांवर वावरू लागलो. मशीनबाईंना शिंक आली की नाक मुठीत धरून जिना उतरायचा, अंगणात शिंकायचं आणि वर यायचं, आणि वर येईपर्यंत दुसरी तयार. त्यांचे गुडघे आता तुमच्या पंगतीला बसतील. मधे एकदा नळ दुरुस्त करणारा आला. त्याने आम्हा तिघांना मान खाली घालून, बिनबुटांचे, पोत्यांभोवती कुजबुजताना पाहिलं, हातातला पान्हा हळूच खाली ठेवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, कधी गेले?

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण लवकरच कोकोवाल्यांची मोठी सभा आहे आणि त्यानंतर सर निवृत्त होताहेत. मामा, सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेली संयुगं ओळखली. त्यांच्या स्वतःच्या नावावर एकही नाही. हे ते कधी बोलून दाखवत नाहीत, पण भिंतीवरची यादी वाचताना त्यांचा आवाज बदलतो. सभेत ते हा शोध जाहीर करणार, खाली माझंही नाव घालणार, आणि जाता जाता माझी जागा पक्की करून जाणार, असा त्यांनी मला शब्द दिला आहे. म्हणजे सुळका खरा असला तर सरांचं नाव राहतं आणि आईला उत्तर मिळतं. खोटा असला आणि सभेत कोणी उठून ते दाखवून दिलं, तर जन्मभराच्या कामाचं हसं होऊन सर घरी जाणार, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची पिशवी घेऊन मी.

आणि अशात एका दुपारी सर खलातून वर आले, त्यांनी मिशी झटकली, आणि मी पहिल्यांदाच त्या मिशीकडे नीट पाहिलं. इतक्या पांढऱ्या डोक्याखाली इतकी काळी मिशी आपोआप येत नाही. ती कलपाने येते. आणि कलपात काय असतं, ते मी पुस्तक काढून पाहिलं. फिनॉल असतं, आणि त्याच्या जोडीला नायट्रोजनवाली भावंडं असतात, आणि ही सगळी मिळून केसात काळा रंग धरतात. आता सोमवारचं कोडंही सुटलं. सर रविवारी आरशासमोर बसून मिशी रंगवतात, सोमवारी ती ताजी ताजी खलात बुडवतात, पुढे आठवडाभर रंग उतरत जातो. मग कोरे नमुने स्वच्छ का? तर त्यात हुंगण्यासारखं काही नसल्यामुळे त्यात कोणी नाकच घालत नाही. मामा, बाकी सगळं तसंच्या तसं करायचं असा नियम, आणि आम्ही सगळं केलं होतं, फक्त सरांना वगळून.

आता हे सरांना विचारायचं कसं? सर, मिशी खरी का, हा प्रश्न पक्क्या नोकरीवाल्यालाही झेपणारा नाही, मी तर अधांतरी. मी मशीनबाईंना सांगितलं. त्या अंगणात गेल्या, पोटभर हसून परत आल्या, आणि म्हणाल्या की सोपं आहे, सरांना कोऱ्या नमुन्यात घालू. सोमवारी सकाळी त्यांनी स्वच्छ खल घेतला, त्यात भट्टीत भाजून निववलेली पांढरी वाळू घातली आणि मला लांब दाराशी उभं केलं. सर आले. हात मागे, डोळे बंद, आणि वाकले. मिशी वाळूत टेकलेली मी या डोळ्यांनी पाहिली. मामा, त्या खलात वाळूखेरीज काहीही नव्हतं. सर नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली राहिले, आणि वर आल्यावर डोळे न उघडताच म्हणाले, "असा नमुना आजवर आला नव्हता. मध आहे, कापलेलं गवत आहे, आणि कुठूनतरी खूप लांबून लहानपण येतंय." त्यांनी डोळे उघडायच्या आत मशीनबाईंनी खल पळवला. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. त्या दिवशी मी दोडका सुचवला नाही.

दुपारी निकाल आला. पडदा सपाट. सुळका नाही, सुळक्याचं पिल्लूही नाही. सरांची मिशी निर्दोष आहे. ती अस्सल, जन्मजात काळी मिशी आहे, आणि अशा सत्शील मिशीवर मी संशय घेतला म्हणून मला इतकी लाज वाटली, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की जिन्यात भेटलेल्या नळवाल्याला मी मिठी मारली (त्याने माझं सांत्वन केलं). कारण मिशी खरी म्हणजे सुळकाही खरा. दाण्यातलाच. शोध लागलेला आहे, सरांचं नाव यादीत जाणार आणि माझी जागा पक्की. आईला अजून सांगितलं नाही, पण आज 'होईल' हा शब्द मी जरा मोठ्याने म्हणालो आणि तिने चमकून बघितलं. तेव्हा तुम्ही आणि मामींनी सभेला यायचंच. पुढच्या रांगेत बसा. तिथे पोती नसतील, त्यामुळे टाळ्या वाजवायला हरकत नाही.

थोरांना नमस्कार, पोरांच्या गालांना चिमटे, आणि गुडघ्याला मी विचारलं म्हणून सांगा.

तुमचा, आता जवळजवळ पक्का झालेला,
भाचा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून परत उघडलं आहे. मामी, मामांचा चष्मा सापडत नाही म्हणून हे पत्र तुम्ही त्यांना वाचून दाखवत असाल, तर कृपा करून इथे थांबा आणि पुढचा कागद न बघता त्यांच्या हातात द्या.

मामा, मी इथे मुलाखतीला यायच्या आधी तुम्ही मला न्हाणीघरात नेऊन, आतून कडी लावून, एक डबी दिली होतीत. तिशीत असं डोकं घेऊन गेलास तर शिकायला नाही, शिकवायला आलास समजतील, असं म्हणाला होतात. ती डबी मी इमानाने वापरतो. दर रविवारी. तिच्यावर खाली बारीक अक्षरांत काय काय लिहिलं आहे ते जरा उतरवून पाठवाल का? माझ्या डबीवरचं पाण्याने पुसलं गेलं आहे. तुमच्याकडे तीच डबी अजून आहे हे तुमच्या भांगावरून कळतं.

ता. क. २. घाईचं कारण लिहायचं टाळत होतो, पण लिहूनच टाकतो. मी मशीनबाईंचे आभार मानायला गेलो, तर त्या पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी दुसरा खल पुढे सरकवला. आत तीच पांढरी वाळू. म्हणाल्या, "आता तुम्ही वाका."

मी म्हटलं, मला मिशी नाही. त्या म्हणाल्या, मिशी नाही, मान्य, पण वाका. वाकलो, आणि रोजच्यासारखं कुटलंही. मामा, सुळका इतका उंच आला की त्याचं टोक पडद्याबाहेर गेलं. दाणे मी कुटतो, सरांनंतर खलात मी वाकतो, आणि सोमवारी माझ्या डोक्यावर तुमच्या डबीचा ताजा थर असतो. सरांच्या मिशीत नाक खुपसता खुपसता माझ्याच केसांनी माझा गळा कापला. सरांचं संयुग म्हणजे आपल्या दोघांचा कलप आहे. मशीनबाई म्हणाल्या की त्या कोणाला काही सांगणार नाहीत, सांगायचं तर मीच सांगायचं. मग त्यांना शिंक आली आणि त्या जागच्या जागी शिंकल्या, अंगणात गेल्या नाहीत. आता त्याची गरज उरली नव्हती. गप्प बसलो तर जागा पक्की, आणि सर भर सभेत एका डबीला स्वतःचं आडनाव देणार. मामा, हे मला सोसणार नाही.

ता. क. ३. सांगितलं. सगळं सांगितलं, फक्त वाळूचं सोडून. ते मी आणि मशीनबाई कधीच सांगणार नाही.

सरांच्या समोर भाषणाचे कागद होते, वर मोठ्या अक्षरांत ते लांबलचक आडनाव. मी बोलत असताना त्यांनी ते कागद हळूहळू घडी घालून खिशात ठेवले. मला इतकं वाईट वाटलं की राजीनामा लिहायला मी कागद मागितला (त्यांच्याकडेच, माझ्याजवळ नव्हता). त्यांनी कागद काढला, पण मला दिला नाही. "स्वतःच्या डोक्याविरुद्ध साक्ष देणारा माणूस मी परत कुठे शोधू?" असं म्हणाले आणि त्यावर माझ्या जागेची शिफारस लिहून सही केली. सभेत ते आता एवढंच सांगणार आहेत की जो जो नमुन्यात वाकतो, त्याने कोऱ्या नमुन्यातही वाकलं पाहिजे. मी त्यांच्यासमोर रडलो, मामा. आईला सांगताना मात्र हसलो.

मग सरांनी दार लोटलं, मला खिडकीशी नेलं, माझं डोकं उजेडात धरून डोळे मिटून हुंगलं, आणि विचारलं की हे धुतलं, गाळलं, यंत्राने फोडलं तरी ओळख सोडत नाही, तर घरी किती टिकतं. मी म्हटलं, आठवडाभर.

"माझी मिशी खरी आहे," ते म्हणाले. "पण समोरचा प्रत्येक माणूस आधी माझ्या डोक्याकडे बघतो, मग मिशीकडे बघतो, आणि गालातल्या गालात हसतो. कित्येक वर्षं बघतोय मी. डोकं काळं केलं, तर निदान मिशीवर तरी लोकांचा विश्वास बसेल."

तेव्हा मामा, बारीक अक्षरं उतरवत बसू नका. सभेच्या आत दोन डब्या पाठवा.